आयोवा बघायचं कसं? मका नको, जमिनीखाली बघा

आयोवाला चाललोय असं घरी सांगितलं की निम्मे लोक म्हणतात, अच्छा ते बटाटेवालं राज्य ना, तर नाही, बटाटे म्हणजे आयडाहो, आणि ओहायो हे तिसरंच. आणि जे खरंच आयोवात येऊन गेलेत ते सांगतात की काही नाहीये रे तिथे, नुसता मका, आय-८० हायवेवरून पाच तास गाडी चालवली आणि पलीकडे नेब्रास्कात गेलो. मीही आधी हेच म्हणायचो. पुण्याहून कामासाठी डॅव्हनपोर्टला आलो, अडीच वर्षं राहिलो, आणि पहिले सहा महिने वीकेंडला शिकागोला पळायचो, मग एका शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून दहा मिनिटं गप्पा झाल्या आणि कळलं की आपण हे राज्य चुकीच्या उंचीवरून बघत होतो. त्यानंतर जे जे पाहुणे आले त्यांना मी तीन-चार दिवसांत आयोवा कसं फिरवतो ते इथे लिहून ठेवतोय. डेप्युटेशनवर येणारे, मुलं एम्स गावाला किंवा आयोवा सिटीला शिकायला आहेत असे आईबाबा, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

आधी नकाशा डोक्यात बसवा, दोन मिनिटांचं काम आहे. पूर्वेची सगळी हद्द म्हणजे मिसिसिपी नदी, पश्चिमेची मिसुरी आणि तिला मिळणारी बिग सू. दोन्ही बाजूंनी पूर्ण नदीचीच हद्द असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. आकार महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा कमी, आणि माणसं २०२० च्या जनगणनेत जेमतेम ३२ लाख, म्हणजे २०११ ला एकट्या पुणे महापालिकेत जेवढी होती साधारण तेवढी अख्ख्या राज्यात. काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे धरा, ९९. राजधानी डे मॉइन, लिहिताना दोन एस येतात पण उच्चारात एकही नाही, तिथे जाऊन डेस मॉइन्स म्हणालात की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. आणि नेव्हाडा नावाचं गाव आहे त्याला नव्हेडा म्हणायचं, का ते विचारू नका.

कधी यायचं तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, मळणीचे दिवस, रात्री अकरालाही शेतात हार्वेस्टरचे दिवे फिरताना दिसतात. नाहीतर मे-जून. जानेवारीत येऊ नका, उणे २५ मध्ये तुम्ही जमीन बघणार नाही, फक्त गाडी ते दार एवढंच पळणार. आणि गाडी पाहिजेच, बस-ट्रेनच्या भरवशावर इथे काही होत नाही.

आता पहिली गोष्ट करायची ती म्हणजे हायवे सोडायचा. आय-८० आयोवात ३०६ मैल आहे आणि त्यावरून काहीही दिसत नाही. कुठलीही एक्झिट घ्या, पाच मिनिटं पुढे जा आणि खडीचा रस्ता लागला की त्यावर वळा. लगेच लक्षात येईल की प्रत्येक रस्ता सरळ उत्तर-दक्षिण नाहीतर पूर्व-पश्चिम आहे आणि बरोबर एकेका मैलावर चौक येतोय. ही १७८५ च्या कायद्याने ठरलेली मोजणी आहे, माणसं यायच्या आधीच कागदावर सगळी जमीन चौकोनात कापून ठेवली होती. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, त्याला इथले लोक क्वार्टर म्हणतात आणि आजही जमिनीचं बोलणं क्वार्टरमध्येच चालतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर, पोटहिस्सा, बांधाची भांडणं, आणि इथे विमानातून बघितलं तर नुसता बुद्धिबळाचा पट. मजा अशी की पृथ्वी गोल आणि चौकोन सरळ, त्यामुळे उत्तरेकडे जाताना हिशोब जुळत नाही, मग काही मैलांनी सरळ चाललेला रस्ता उगाचच एक झटका घेऊन बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ जातो. असा वाकडा चौक सापडला तर थांबून फोटो काढा. रात्री मात्र त्याच चौकात जपून, मी एकदा सरळ खड्ड्यात उतरलो होतो.

खडीच्या रस्त्यावर समोरून पिकअप आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करतो. हा इथला राम राम. तुम्हीही करा, नाही केलात तर शिष्ट समजतील. आणि मक्याच्या मधोमध २२० वी स्ट्रीट अशी पाटी दिसली तर आजूबाजूला शहर शोधू नका, शहर नाहीये, तो फक्त पत्ता आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. डे मॉइनच्या उत्तरेला, एम्स ओलांडून पुढे गेलात की जमीन एकदम सपाट होते. इतकी सपाट की दहा किलोमीटरवरचा धान्याचा मनोरा दिसतो. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी इथे बर्फाची एक जीभ कॅनडाकडून खाली आली होती आणि ती साधारण आजच्या डे मॉइन शहरापर्यंत येऊन थांबली. बर्फ वितळला, मागे सपाट, काळी, पाणी न हटणारी जमीन राहिली, डबकीच डबकी, उंच गवत आणि बदकं. म्हणजे आज ज्याला जगातली एक नंबरची मक्याची जमीन म्हणतात ती मुळात पाणथळ. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना चिबड जमीन म्हटलं की पटकन कळेल. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला लोकांनी काय केलं, तर जमिनीत चार-चार फूट चर खणून भाजलेल्या मातीचे फूटभर लांबीचे नळ एकापुढे एक मांडले, जोडातून पाणी आत शिरतं आणि उताराने निघून जातं. त्याला इथे टाइल म्हणतात. आता काळा सच्छिद्र प्लास्टिकचा पाइप असतो, मशीनने टाकतात, पण नाव टाइलच राहिलंय. या भागात तुम्ही जिथे उभे राहाल तिथे बहुतेक पायाखाली पाइप आहे.

ते दिसत नाही, हीच तर गंमत आहे, पण बघता येतं. मे महिन्यात चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या चराजवळ गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि ऐका. वर शेत कोरडं दिसत असतं, पीक वीतभर आलेलं, आणि चराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी पाण्याची धार पडत असते, स्वच्छ, गार, अगदी मोटर चालू असल्यासारखी. तोंडाला जाळी असते, उंदीर-घुशी आत जाऊ नयेत म्हणून. फक्त चरात रस्त्याच्या बाजूनेच उभे राहा, शेतात पाय ठेवू नका, खाजगी मालमत्ता आहे आणि इथे ते गांभीर्याने घेतात.

त्या स्वच्छ दिसणाऱ्या धारेत नायट्रेट असतं. शेतात टाकलेला नत्र पाण्याबरोबर पाइपातून चरात, चरातून रकून नदीत, आणि रकून नदीचं पाणी डे मॉइनच्या नळाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती सांभाळायला शहराने नव्वदच्या दशकापासून नायट्रेट काढायचा वेगळा प्लांट चालवलाय. २०१५ ला शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन काउंट्यांवर केस केली, सॅक, ब्युएना व्हिस्टा आणि कॅलहून, की तुमच्या निचऱ्याच्या पाण्याचा खर्च आम्ही का भरायचा. २०१७ ला कोर्टाने केस काढून टाकली. त्याच वर्षी त्या ब्युएना व्हिस्टा काउंटीतल्या स्टॉर्म लेक नावाच्या छोट्या गावच्या पेपरचे संपादक आर्ट कलन यांना याच विषयावरच्या अग्रलेखांसाठी पुलित्झर मिळालं. आणि २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की डे मॉइन परिसरात घरच्या लॉनला पाणी घालायला बंदी आली, पाणी भरपूर होतं बरं का, दुष्काळ नव्हता, शुद्ध करायची क्षमताच कमी पडत होती. एवढं कळलं की इथलं अर्धं राजकारण कळलं.

पाइप टाकायच्या आधी काय होतं ते बघायचं असेल तर आता खूप कमी जागा उरल्यात, मूळ गवताळ प्रदेश टक्काभरही राहिलेला नाही. माझी आवडती जागा म्हणजे सीडर काउंटीतली रॉचेस्टर सिमेटरी, आय-८० पासून अगदी जवळ. स्मशानभूमी असल्यामुळे नांगर कधी लागलाच नाही, जुन्या थडग्यांच्या मधून खरं प्रेअरी गवत आणि फुलं, मे महिन्यात तर बघतच राहावं, आणि वर मोठमोठे ओक. हळू चाला, कबरींवर बसून डबे उघडू नका एवढंच. रानगवे बघायचे असतील तर प्रेअरी सिटीजवळचं नील स्मिथ अभयारण्य आहे, पण तिथलं गवत मुद्दाम पुन्हा लावलेलं आहे.

आता मका. पहिली सूचना, शेतातलं कणीस तोडून भाजू नका. मी केलंय. ऑगस्टमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून चार कणसं आणली, मीठ-लिंबू-तिखट सगळं तयार, आणि चावल्यावर ओला खडू खाल्ल्यासारखं, तो माणूस आठवडाभर हसत होता. हा खायचा मका नाहीच, हा कच्चा माल आहे. अर्ध्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यात जातो आणि बाकीचा बराचसा जनावरांच्या पोटात. खायचा गोड मका वेगळा, जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला पिकअपच्या मागे डझनावर मिळतो, तो घ्या, अप्रतिम असतो. उत्पादन एकरी २०० बुशेलच्या आसपास, बुशेल म्हणजे मक्याचे २५ किलो चारशे ग्रॅम, करा हिशोब, एकरी ५० क्विंटल. हे वाक्य गावाकडे काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले थापा मारू नकोस.

भाव कसा ठरतो ते बघायचं असेल तर कुठल्याही छोट्या गावातल्या एलिव्हेटरवर जा. एलिव्हेटर म्हणजे इथे लिफ्ट नाही, धान्य साठवायचे ते उंच सिमेंटचे मनोरे, बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे. सकाळी आत कॉफी चालू असते, म्हातारे शेतकरी टोप्या घालून बसलेले असतात, तुम्ही इंडियातून आलोय म्हणालात की पहिला प्रश्न, तिकडे किती एकर आहे तुमची? आमची चार एकर आहे म्हटल्यावर जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी आहे. तिथे एक शब्द पकडा, बेसिस. शिकागोच्या वायदे बाजारातला भाव आणि या गावात आज मिळणारा भाव यातला फरक म्हणजे बेसिस. आपल्याकडे लासलगावचा भाव आणि आपल्या बाजार समितीतला भाव यात जे चालतं तेच, पण इथे तो फरक रोज बोर्डावर लिहिलेला असतो. जवळ इथेनॉलचा कारखाना किंवा नदीचं बंदर असेल तर बेसिस चांगला, लांब असेल तर वाहतूक खिशातून. म्हणून मी म्हणतो की आयोवाचा भूगोल पुस्तकात वाचण्यापेक्षा बेसिसच्या बोर्डवर वाचा.

नदीचं बंदर म्हटलं की लक्लेअरला जा, डॅव्हनपोर्टपासून वीसेक मिनिटं. बफेलो बिलचं जन्मगाव म्हणून पाट्या आहेत त्याकडे दुर्लक्ष करा आणि लॉक अँड डॅम नंबर १४ वर जाऊन बसा. लॉक म्हणजे धरणाशेजारचा दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोटी वर-खाली नेतात. एक टोबोट पंधरा तराफे एकत्र बांधून ढकलत आणते, पाच लांबीला आणि तीन रुंदीला, आणि लॉकची लांबी ६०० फूट, त्यात ते अख्खं मावत नाही. मग दोर सोडायचे, पुढचे नऊ तराफे आधी पार करायचे, मग मागचे सहा आणि बोट, मग परत बांधायचं. दीड-दोन तास जातात. थर्मासमध्ये चहा घेऊन जा. सोयाबीन आणि मका असाच न्यू ऑर्लिन्सकडे आणि पुढे जगभर जातो, हिवाळ्यात वरची नदी गोठली की तीन महिने सगळं बंद. आणि एक गंमत, मिसिसिपी म्हणजे उत्तर-दक्षिण असं शाळेत शिकलो ना, डॅव्हनपोर्टला ती पूर्व-पश्चिम वाहते, मला महिनाभर दिशाच कळत नव्हत्या.

डुकरांबद्दल. राज्यात माणसं ३२ लाख आणि डुकरं २ कोटी ३० लाखांच्या वर, म्हणजे माणशी सात. आणि तुम्हाला चार दिवसांत एकही दिसणार नाही. लांबट बुटक्या शेड दिसल्या, टोकाला मोठे पंखे आणि बाजूला खाद्याच्या टाक्या, की आत हजारो आहेत समजा. पुष्कळदा डुकरं कंपनीची आणि शेड व लेंडी शेतकऱ्याची, आपल्याकडच्या करारावरच्या ब्रॉयलर पोल्ट्रीसारखंच. वास येतो, शरद ऋतूत खत जमिनीत सोडतात तेव्हा तर विचारू नका, तुम्ही नाक धरलंत की ते म्हणणार हा पैशाचा वास आहे.

पवनचक्क्या सगळीकडे आहेत, राज्यात तयार होणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त वाऱ्याची. जमीनमालकाला दर वर्षी भाडं मिळतं, मका पडला तरी भाडं येतं, म्हणून तक्रार कमी. रात्री एकदा मोकळ्या ठिकाणी थांबून बघा, क्षितिजभर शेकडो लाल दिवे एकाच क्षणी लागतात आणि एकाच क्षणी विझतात.

आता माणसं. टॅमा गावाजवळून जाताना मेस्क्वाकी लोकांची वस्ती लागते आणि तिला रिझर्व्हेशन म्हणू नका, ते स्वतः सेटलमेंट म्हणतात आणि त्यामागे कारण आहे. सरकारने त्यांना आयोवातून हाकलून कॅन्ससला पाठवलं होतं, ते परत आले आणि १८५७ ला घोडे वगैरे विकून जमवलेल्या पैशात ८० एकर रोख विकत घेतले. सरकारने राखून दिलेली जमीन नाही, खरेदीखत केलेली जमीन. ते ८० चे आता हजारो एकर झालेत. ऑगस्टमध्ये त्यांचा पाउवाउ, म्हणजे नाचगाण्यांचा मेळा असतो, पाहुण्यांना प्रवेश असतो, फोटो काढायच्या आधी विचारा. नंतर आले जर्मन, नॉर्वेजियन, पेल्लाला डच, तिथे मे महिन्यात ट्युलिपची जत्रा. अमाना कॉलनीजमधले जर्मन तर १९३२ पर्यंत सगळी मालमत्ता सामाईक ठेवून एकत्र स्वयंपाकघरात जेवायचे, अमाना फ्रीज त्यांच्याच गावचा.

पण आजचा आयोवा बघायचा असेल तर मी पेल्लापेक्षा स्टॉर्म लेक किंवा मार्शलटाउन सांगेन. मांसाच्या कारखान्यांची गावं. मांस कापायचं काम गोऱ्या पोरांना नको झालं, मग मेक्सिकोहून, लाओसहून, बर्माहून लोक आले, आता अशा गावात मुख्य रस्त्यावर टाकेरिया म्हणजे मेक्सिकन खाणावळ, बाजूला आशियाई किराणा, शाळेत डझनावर भाषा. तिथेच जेवा. व्हिएतनाम युद्ध संपल्यावर १९७५ ला गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई दाम जमातीच्या निर्वासितांना आयोवात बोलावून घेतलं होतं, रिपब्लिकन माणूस, आणि हे आज सांगितलं की इथलेच तरुण चकित होतात. आणि हो, फेअरफिल्डला महर्षी महेश योगींचं विद्यापीठ आहे, सोनेरी घुमटात ध्यान आणि बाजूला वैदिक सिटी नावाचं गाव, सगळी घरं पूर्वाभिमुख. वेळ उरला तर जा. शाकाहारींची जेवायची सोय तिथे चांगली होते, कारण बाकी राज्यात पोर्क टेंडरलॉइन सँडविच हेच दैवत आहे, पावाच्या दुप्पट रुंदीचं मांस.

डे मॉइनला एक दिवस पुरे. विम्याच्या कंपन्यांचं शहर आहे, काचेचे पूल इमारतींना जोडलेले, हिवाळ्यात बाहेर न पडता मैलोन्‌मैल चालता येतं. कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा घुमट खऱ्या सोन्याच्या वर्खाचा. पण मराठी माणसाने नदीकाठचं वर्ल्ड फूड प्राइझचं हॉल चुकवू नये, जुन्या लायब्ररीची इमारत आहे. पुरस्कार सुरू केला नॉर्मन बोरलॉग यांनी, ते आयोवातल्या क्रेस्कोचे, आणि १९८७ चा पहिलाच पुरस्कार स्वामिनाथन यांना. पुढे १९९८ मध्ये आपले जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिको बियाणं कंपनीवाले. हायब्रीड मक्याचं बी विकायची कंपनी हेन्री वॉलेस यांनी १९२६ ला याच डे मॉइनमध्ये काढली, आणि चाळीसेक वर्षांनी जालन्यात संकरित बियाणं तयार व्हायला लागलं. मी तिथे पहिल्यांदा बारवाल्यांचं नाव वाचलं तेव्हा सोबतचा परभणीचा मित्र गार्डला हाताला धरून सांगत होता की आमच्या बाजूचे आहेत हे. ट्रॅक्टरचंही तसंच, जॉन डिअरचे मोठे ट्रॅक्टर वॉटर्लूला बनतात आणि आपल्याकडे कारखाना सणसवाडीला, त्यामुळे वॉटर्लूच्या ग्रोसरीच्या दुकानात मराठी ऐकू आलं तर दचकू नका.

दोन-तीन किरकोळ सूचना. पेट्रोल भरताना नीट वाचा, साधी गाडी असेल तर ८५ लिहिलेल्या नळीला हात लावू नका, ते बहुतांश इथेनॉल असतं. केसीज नावाच्या पंपावरचा पिझ्झा खा, पंपावर पिझ्झा म्हणून नाक मुरडू नका, ब्रेकफास्टवाला तर सकाळीच संपतो. वादळाचा भोंगा वाजला की आधी आकाश आणि फोन बघा, महिन्यातून एकदा नुसती टेस्ट असते, मी पहिल्या वेळी टॉवेलवर तळघरात पळालो होतो, पण खरा असेल तर हसू नका, १० ऑगस्ट २०२० च्या वादळात सीडर रॅपिड्समधली निम्म्याहून जास्त झाडं एका दुपारीत गेली. आणि भाड्याची गाडी परत द्यायच्या आधी धुवून घ्या, टायरच्या वरच्या कोपऱ्यातून पण, तिथे अडकलेली पांढरी खडीची धूळ बघून काउंटरवरची बाई मला म्हणाली होती, कुठे नेली होती रे गाडी, आणि मग साफसफाईचे ५० डॉलर लावले.